लेकीचं बी.एस्सी. ऑनर्स : कुठे घालावं?

बी-५०२ : नमस्कार. सोसायटीचा विषय नाही, पण इथे अनुभवी मंडळी आहेत म्हणून विचारतेय. लेकीला फिजिक्सच करायचंय. एका खासगी विद्यापीठात बी.एस्सी. ऑनर्सला नंबर लागलाय, फी वर्षाला २ लाख ४० हजार. इथल्या अनुदानित कॉलेजातही मिळतंय, तिथे १६-१७ हजार. विद्यापीठवाले म्हणतात, ऑनर्स विथ रिसर्च आमच्याकडेच नीट होतं. शुक्रवारपर्यंत ५० हजार भरून सीट पक्की करायची आहे. दोन रात्री झोप नाही.

सी-१०४ : वहिनी, कर्ज काढा पण चांगल्या ठिकाणी घाला. पीएम विद्यालक्ष्मी या केंद्राच्या शैक्षणिक कर्जाच्या योजनेत तारण लागत नाही.

ए-३०१ : दादा, ती योजना सरसकट सगळीकडे नाही, यादीतल्या संस्थांनाच आहे. उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात ३ टक्के सवलत. आधी पोर्टलवर विद्यापीठाचं नाव आहे का ते बघा.

बी-२०१ : मुलींची फी माफ झाली ना आता?

ए-३०१ : ती व्यावसायिक अभ्यासक्रमांना, तीही कॅपमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेतला तर. साध्या बी.एस्सी.ला नाही लागू.

ए-७०३ : वहिनी, मोठं लिहितेय, सावकाश वाचा. आमचा मुलगा २०२३ ला बी.एस्सी.ला लागला. स्वायत्त कॉलेजांत नवं शैक्षणिक धोरण त्याच वर्षी आलं, म्हणजे ही पहिलीच बॅच. तेव्हा आम्हीही असेच कागद पसरून बसलो होतो.

आधी एक लक्षात घ्या. ऑनर्स आज ठरत नाही. तीन वर्षांत किमान १२० क्रेडिट (विषय पास झाल्यावर मिळणारे श्रेयांक) झाले की पदवी हातात. चौथं वर्ष करून किमान १६० केले की ऑनर्स. आणि रिसर्चवालं ऑनर्स हवं तर पहिल्या ६ सेमिस्टरला ७५ टक्के लागतात, हे यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या आराखड्यातच आहे. लाखो रुपये भरले तरी ७४ चे ७५ होत नाहीत. चौथं वर्ष केलं तर पुढचं एम.एस्सी. एका वर्षाचं, नाही केलं तर दोन. एकूण पाचच.

दुसरं, रिसर्चवालं ऑनर्स चालवायला विभागात पीएच.डी.चे किमान दोन कायम गाईड, म्हणजे मार्गदर्शक प्राध्यापक हवेत. मुलाचा शाळेतला मित्र भरपूर फी भरून एका ठिकाणी शिकत होता. तिसऱ्या वर्षाला कळलं की त्याच्या विषयात गाईड एकच आहेत. त्या पोराचा चेहरा अजून डोळ्यासमोर आहे. म्हणून पैसे भरायच्या आधी विद्यापीठात आणि कॉलेजात दोन्हीकडे हेच विचारा : फिजिक्सला कायम गाईड किती, त्यांची नावं काय. नुसत्या ब्रोशरवर जाऊ नका.

आणि संधी फक्त कॉलेजच्या आवारात नसते हो. पुण्यात आयुका आहे, एनसीआरए आहे, दोन्ही खगोलशास्त्राच्या संशोधन संस्था. दोघं मिळून कॉलेजच्या मुलांसाठी रेडिओ खगोलशास्त्राचं हिवाळी शिबिर घेतात. आपण अर्ज करायचा, निवड झाली तर जायचं. मुलगा तिथून आला आणि फ्रिजच्या खोक्याचे पुठ्ठे कापून, आतून अ‍ॅल्युमिनियम फॉईल चिकटवून शिंगासारखा अँटेना केला. डिसेंबरात गच्चीची किल्ली आम्ही त्यासाठीच मागितली होती. तीन रात्री अपयश. चौथ्या रात्री लॅपटॉपवरच्या सपाट रेषेला मधोमध बारीकसा उंचवटा आला. आकाशगंगेतल्या हायड्रोजनचा रेडिओ संकेत, २१ सेंटिमीटर तरंगलांबीचा. पोरगा अडीच वाजता मला उठवायला आला. तेव्हा तो १६ हजार फीच्या कॉलेजातच शिकत होता.

सी-१०४ : ताई, मान्य. पण सोबतची मुलं, चांगली लॅब, हेही बघायला हवं ना?

ए-७०३ : बघायलाच हवं. म्हणून म्हणते, वहिनी, प्रत्यक्ष जा. लॅब दाखवायला सांगा आणि तिसऱ्या वर्षाची मुलं गाठून बोला. तिथे दोन-तीन चांगले गाईड निघाले, मुलांना खरंच हात लावू देत असतील आणि तुमची ऐपत असेल तर जरूर घाला. पण कर्ज काढून नको. चार वर्षांचे ९ लाख ६० हजार होतात, बस वेगळी. तेच एम.एस्सी.साठी राहू द्या. तेव्हा तिला कुठलं फिजिक्स आवडतं हे तरी कळलेलं असेल.

बी-५०२ : ७५ नाही पडले तर?

ए-७०३ : तर साधं ऑनर्स. त्यात प्रकल्पाऐवजी विषय असतात. पुढचं एम.एस्सी. तरीही एकाच वर्षाचं.

बी-५०२ : उद्याच दोन्हीकडे जाऊन येतो. गाईडचं तर आम्ही विचारलंच नव्हतं. ताई, लेक विचारतेय, तो अँटेना अजून आहे का?

ए-७०३ : आहे की. गच्चीच्या जिन्यात ठेवलाय, जुन्या चादरीखाली. रविवारी दहाला पाठवा तिला, मुलगा घरीच आहे.