ब्रूनो निकोलाई: नुसते वाद्यवृंद-संचालक की संगीतकारही?

तबकडीवेडा
इटालियन संगीतकार एन्यो मोरिकोने यांच्या साठच्या दशकातल्या चित्रपटांवर संचालक म्हणून ब्रूनो निकोलाई हे नाव सारखं दिसतं. ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ (१९६६) हेही त्यातलंच. पण ‘इल मेर्चेनारियो’वर (१९६८) संगीतकार म्हणून दोघांचीही नावं आहेत. मग निकोलाईंना आपल्या सेबॅस्टियन डिसूझांसारखे अरेंजर समजायचं का? त्यांचं स्वतःचं काम कुठून ऐकावं? आणि युरोपीय डीव्हीडीवर तेच संगीत तबकडीपेक्षा वरच्या पट्टीत का लागतं? ध्वनिमुद्रण वेगळं आहे का?

मंद्रसप्तक
सेबॅस्टियन यांची उपमा इथे लागू पडत नाही. शंकर-जयकिशन यांच्या चालींना वाद्यवृंदाचं रूप देणं हे सेबॅस्टियन यांचं काम होतं. मोरिकोने कोणतं वाद्य कुठे वाजेल हे स्वतःच स्वरलिपीत लिहीत आणि त्याबद्दल ते फार आग्रही होते. त्यामुळे निकोलाईंच्या हाती यायची ती पूर्ण लिहिलेली संहिता.

पण म्हणून त्यांना दुय्यम मानू नका. दोघेही रोमचे, दोघेही सांता चेचिलिया संगीत विद्यालयात गोफ्रेदो पेत्रास्सींकडे रचना शिकलेले. निकोलाई (१९२६-१९९१) दोन वर्षांनी मोठे. समोरच्या पानावर असं का लिहिलंय, हे त्यांना वेगळं समजावून सांगावं लागत नसे. दुसरा कुणी संचालन करत असला की संगीतकाराला काचेपलीकडे ध्वनिमुद्रकाशेजारी बसून माइकमधून प्रत्यक्ष काय येतंय ते ऐकता येतं. शीळ, गिटार, गायिका एद्दा देल्लोर्सो यांचा आवाज आणि मागे अख्खा वाद्यवृंद असा मेळ असताना ते फार मोलाचं ठरतं.

चोवीस_चौकटी
संचालकाचं काम नेमकं कुठे अडतं ते आकड्यांत सांगतो. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी (फ्रेमनी) चालतो, म्हणजे मिनिटाला १४४०. एका ठोक्याला १६ चौकटी धरल्या तर लय मिनिटाला ९० ठोके. ४० सेकंदांच्या प्रसंगात ६० ठोके बसतात, चार-चार ठोक्यांचे बरोबर १५ बार (आवर्तनं). आता संकलकाने त्यातले २ सेकंद कापले की ४८ चौकटी, म्हणजे ३ ठोके गेले. १४ बार होतात आणि एक ठोका लोंबकळत राहतो. मग एक तर एखादा बार पाच ठोक्यांचा करायचा, नाहीतर सगळी लय किंचित वाढवायची. लय वाढवली तर मधल्या प्रत्येक खुणेची जागा सरकते, आणि दार आपटण्याच्या क्षणी येणारा आघात चुकतो. हे स्टुडिओत, वादक बसलेले असताना निस्तरावं लागतं.

याउलट ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’चं (१९६८) संगीत चित्रीकरणाआधीच तयार होतं आणि सेटवर वाजवलं जायचं. तिथे दृश्यच संगीताच्या मागे गेलं, म्हणून त्या लयीला एवढा श्वास आहे.

डीव्हीडीचं कोडं सोपं आहे. पाल या युरोपीय टीव्ही पद्धतीत २४ चौकटींचा चित्रपट २५ने चालवतात. वेग सुमारे ४ टक्के वाढतो, ३ मिनिटांची रचना ७ सेकंद आधी संपते आणि पट्टी अर्ध्या स्वराहून (सेमिटोनहून) थोडी कमी, साधारण ०.७ सेमिटोन चढते. ऑडासिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘चेंज स्पीड’ (नव्या आवृत्त्यांत ‘चेंज स्पीड अँड पिच’) घेऊन गुणक ०.९६ द्या. ‘चेंज टेम्पो’ वापरू नका, त्यात पट्टी तशीच राहते. वेग आणि पट्टी दोन्ही तबकडीशी जुळली तर वेगळ्या ध्वनिमुद्रणाचा संशय सोडून द्या. काही डीव्हीडींवर पट्टी आधीच खाली आणलेली असते, तिथे मात्र ‘चेंज टेम्पो’च लागेल. ब्लू-रे बहुधा २४नेच चालते, शक्य असेल तर तुलना तिच्याशीच करा.

मंद्रसप्तक
ऐकायची सुरुवात ‘तुत्ती ई कोलोरी देल बुइयो’पासून (१९७२, दिग्दर्शक सेर्जो मार्तीनो) करा. त्यातला सतारीचा वापर कान देऊन ऐका. रागदारीशी त्याचा संबंध नाही, तारेचा झणकार भीतीसाठी वापरलाय. त्यानंतर त्याच वर्षीचं ‘ला दामा रोस्सा उच्चीदे सेत्ते वोल्ते’ घ्या. ‘इल मेर्चेनारियो’तली ‘लारेना’ तुम्ही ‘किल बिल’च्या दुसऱ्या भागात (२००४) ऐकली असेलच.

खरेदी करताना एक सांभाळा: ‘एदित्सियोनी मुझिकाली’पुढचं नाव प्रकाशकाचं असतं, ‘दिरेत्ता दा’पुढचं संचालकाचं. संगीतकार ‘मुझिका दी’पुढे शोधा. स्ट्रीमिंगवर ही तिन्ही नावं एकाच ‘कलाकार’ रकान्यात कोंबलेली असतात, त्यामुळे मोरिकोनेंच्या रचना निकोलाईंच्या नावाखाली सापडतात. मूळ वेष्टनाच्या मागच्या बाजूचा फोटो पाहिल्याशिवाय पैसे मोजू नका.