धोका टोकाचा नाही, तुटलेल्या पात्याचा

"टोकाला बटण असतं, पातं बोथट असतं, मग लागणार कसं?" हा तलवारबाजी (फेन्सिंग) सुरक्षित मानणाऱ्यांचा मुद्दा पातं अखंड आहे तोवर ठीक. पण पातं वाकून वाकून थकतं आणि ऐन हल्ल्यात तुटतं, तेव्हा हातात उरतो तो धारदार, ताठ तुकडा, आणि मागे अख्ख्या अंगाचा जोर. १९८२ साली रोमच्या जागतिक स्पर्धेत व्लादिमीर स्मिर्नोव असाच गेला. प्रतिस्पर्ध्याचं फॉइल (टोचायची हलकी तलवार) तुटलं, मास्कची जाळी भेदून डोळ्यातून मेंदूत शिरलं. तो १९८०चा ऑलिम्पिक विजेता होता, म्हणजे नवखेपणाचा प्रश्नच नव्हता. आजचे कडक नियम बरेचसे त्यानंतरचे: मॅरेजिंग स्टीलची (सहज न तुटणाऱ्या चिवट पोलादाची) पाती, ८०० न्यूटन (जोराचं एकक) सोसणारे पोशाख, मास्कच्या गळपट्टीला १६०० न्यूटन.

तरी साहित्य नुसतं महागडं असून भागत नाही. जॅकेटच्या आत प्लास्ट्रॉन (अर्ध्या जॅकेटासारखा संरक्षक कपडा) घालायचा कंटाळा करणारे पुष्कळ दिसतात. हात लांबवला की काख उघडी पडते, आणि प्लास्ट्रॉन नेमका तिथेच दुसरा थर देतो. म्हणून तलवारीच्या हाताकडे काखेत त्याला शिवण नसते. मास्कची जाळीही पाहत जा. गंज किंवा खोलगट पोचा दिसला तर तो मास्क बाद. स्पर्धेत १२ किलोचा जोर देणाऱ्या टोकदार अवजाराने (पंच) जाळी दाबून तपासतात, क्लबात बहुधा कुणी पाहत नाही. बाकी रोजचं दुखणं म्हणाल तर घोटा, गुडघा आणि मांडीचे स्नायू, तलवारीचा त्यात काही हात नाही.