अपघातानंतर प्रशिक्षक झालो, पण अपघाताची कहाणी सांगणार नाही. तुमचं मत काय?

चाकांवरून (धागाकर्ता)
सोलापुरातल्याच एका कारखान्यात देखभालीचं काम करत होतो. शेडच्या पत्र्यावरून पडलो, मणका गेला, कमरेखालची संवेदना गेली. नोकरी खासगी, त्यामुळे हिशेब हातात देऊन मोकळं केलं. सरकारी नोकरीत असतो तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 20 ने वाचवलं असतं: नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काढता येत नाही, ते काम झेपत नसेल तर तितक्याच पगाराची दुसरी जागा द्यावी लागते.

आता बँका, कॉलेजं, कारखाने इथे मी दिव्यांग समानता प्रशिक्षण देतो. ब्रिटनमधल्या अपंगांच्या चळवळीतून हे आलं. शरीरातली उणीव वेगळी आणि समाजाने केलेली अडवणूक वेगळी, हे तिथल्या अपंगांच्या एका संघटनेने 1976 मध्ये मांडलं. 1983 मध्ये माईक ऑलिव्हर यांनी त्या विचाराला ‘सामाजिक प्रारूप’ म्हटलं. प्रशिक्षण अपंग माणसानेच द्यायचं, हा त्याचा कणा.

वाद इथे आहे. बोलावणारे म्हणतात, “तुमचा संघर्ष सांगा, लोकांना प्रेरणा मिळेल.” मी नाही म्हणतो. डोळ्यांना पट्टी बांधून दहा मिनिटं चालायला लावायचा खेळही घेत नाही. त्यातून माणसं घाबरतात, “बरं झालं आपण असे नाही” म्हणत घरी जातात. त्याऐवजी मी त्यांनाच त्यांच्या शाखेत फिरवतो. काउंटर किती उंच? एटीएमला पायरी का? ग्राहक समोर बसलेला असताना “यांचं काय काम आहे?” असं सोबतच्याला का विचारता? शेवटी यादी होते, प्रत्येक कामापुढे कुणाचं तरी नाव आणि तारीख. मला टाळ्यांपेक्षा ती यादी हवी.

मास्तरीण
दादा, कामाबद्दल आदर आहे, पण हे पटलं नाही. मी शाळेत शिकवते. कलम 20 फळ्यावर लिहिलं तर पोरं जांभया देतात. माणूस समोर बसून “माझं असं झालं” म्हणाला की वर्ग गप्प होतो. ऐकायलाच कोणी तयार नसेल तर तुमची यादी लिहिणार कोण? आपलं दुःख सांगणं म्हणजे भीक मागणं नव्हे.

चाकांवरून
ताई, वर्ग गप्प होतो, मान्य. पण त्या शांततेत पोरांच्या डोक्यात प्रश्न कुठला असतो? “हा पडला कसा?” मला हवा असलेला प्रश्न, “हा आपल्या शाळेत वरच्या मजल्यावर जाणार कसा?” कहाणी सांगितली की सगळे पहिल्यालाच धरून बसतात. माझ्या पडण्यावर आता इलाज नाही. जिन्यावर आहे.

एमआयडीसीवाला
अक्कलकोट रोडला माझे टॉवेलचे माग आहेत. बारा कामगार. सुताचे भाव, विजेचं बिल यातून डोकं वर काढता येत नाही, त्यात प्रशिक्षण कसलं? आधी सरकारने रस्ते आणि बसस्टँड सुधारावेत. माझ्याकडे अपंग कामगार एकही नाही, मग मी कुणासाठी शिकू?

चाकांवरून
साहेब, एकही नाही असं म्हणू नका. मागाच्या खडखडाटात पंधरा-वीस वर्षं काढलेला कामगार मोठ्याने बोलतो, तुम्ही हाक मारली तर वळत नाही. त्याचे कान तपासलेत का? ऐकू कमी येणंही कायद्यातल्या 21 प्रकारांत आहे. 1995 च्या कायद्यात प्रकार सातच होते. समान संधीचं धोरण खासगी आस्थापनेलाही लागू आहे. वीस किंवा जास्त कामगार असतील तर ते सविस्तर लिहावं लागतं, कमी असतील तरी काय सोयी देता ते मांडावंच लागतं. सरकारच्या रस्त्यांबद्दल तुमच्याशी सहमत. पण त्याला बोलावताना आधी खांद्याला हात लावायचा, आगीच्या भोंग्यासोबत दिवाही बसवायचा, याला कितीसा खर्च येतो?

पूर्व भाग
मला दोन्ही बाजू पटत नाहीत. मला लहानपणापासून पोलिओ आहे, कॅलिपर घालते. दादा, तुम्ही धडधाकट वाढलात, शिकलात, नोकरी केलीत, मग अपघात झाला. म्हणून बँकेचा मॅनेजर तुमचं ऐकतो, तुमच्यात त्याला स्वतः दिसतो. माझी मावशी जन्मापासून ऐकू-बोलू शकत नाही. घरी बसून बिड्या वळते. घरात तेलुगू, कारखान्यात मराठी, तिच्या खुणा दोन्हीकडे कुणी शिकल्या नाहीत. समानतेचं प्रशिक्षण द्यायला तिला कोण बोलावणार? कहाणी सांगायची की नाही हा वाद ज्यांच्या हातात माईक आहे त्यांचा.

चाकांवरून
ताई, हा धाग्यातला सगळ्यात जड मुद्दा आहे. माझं पूर्वीचं आयुष्य दारं उघडतं, हे खरं. म्हणून दार सोडून मी बाजूला व्हावं, हे मात्र मान्य नाही. मी गेलो तर तिथे मावशींना बोलावणार नाहीत, “प्रेरणादायी वक्ता” आणतील. अंगाला जखम होऊ नये म्हणून किती वेळाने बूड उचलायचं, इथपासून ते रिक्षावाल्याशी भांडण्यापर्यंत सगळं मला जन्मापासून अपंग असलेल्यांनीच शिकवलं. यापुढे जोडीनेच जायचं. चाकाची खुर्ची म्हणजेच अपंगत्व, हा समज मी एकटा बसून मोडणार नाही.

सात रस्ता
एक विचारतो, राग मानू नका. हे समाजकार्य आहे ना? मग मानधन कशाला?

चाकांवरून
आग विझवायचं शिकवणाऱ्याला तुम्ही पैसे देता. हेही कामच आहे, आणि माझं घर यावरच चालतं. फुकट बोलावणारे यादीही गंभीरपणे घेत नाहीत, हा माझा अनुभव.

मास्तरीण
मी अजून कहाणीच्याच बाजूची. पण आमच्या शाळेत या. कहाणी नको तर नको, जिना दाखवते.

पूर्व भाग
जोडीने जायचं असेल तर अटी आत्ताच लिहिते. मानधन दोघांना सारखं. मावशीसोबत खुणांचा दुभाषी हवा, त्याचे पैसे बोलावणाऱ्याने द्यायचे, तिच्या वाट्यातून नाही. आणि पहिला तास तिचा. तुम्ही नंतर बोलायचं.

चाकांवरून
तिन्ही मान्य. दुभाष्याचा खर्च आजपासून माझ्या दरपत्रकात पहिल्या ओळीत.