जपानी पद्धतीच्या काष्ठठशांत बालपण कसे मांडावे?

प्रश्न (वेंगुर्ला): बंदरावरच्या माझ्या लहानपणावर, लाकडी ठशांवरून पाण्याच्या रंगांत, पाच-सहा चित्रे छापण्याचा विचार आहे. पहिल्या रेखाटनात होडीवरून उड्या मारणारी तीन मुले नेमकी मधोमध आली आणि चित्र शाळेच्या वार्षिकांकातल्या छायाचित्रासारखे दिसू लागले. मांडणीत काय बदलावे?

उत्तर (मालवण): ताई, हिरोशिगे या जपानी ठसे-चित्रकाराचे १८५७ मधील कामेइदोच्या बागेचे चित्र पाहावे. त्यात झाडाचे खोड अगदी पुढ्यात येऊन कागदाच्या कडांनी कापले गेले आहे आणि फुले पाहायला आलेली माणसे फांद्यांच्या पलीकडे, इवलीशी दिसतात. आपल्या चित्रात होडीची नाळ (पुढचे टोक) अशीच पुढे आणावी, कारण वाळूत बसलेल्या सहा वर्षांच्या मुलाला ती तेवढीच अवाढव्य दिसते. होकुसाई या दुसऱ्या जपानी चित्रकाराच्या मित्सुई दुकानाच्या चित्रात तर छपरांवर पतंग आहेत, पण उडवणारे कुठेच नाहीत!

उत्तर (रत्नागिरी): मुलांना दरवेळी दूर ढकलणे मला पटत नाही. उतामारो या जपानी चित्रकाराच्या, यामाउबा आणि किंतारो या दंतकथेतल्या मायलेकांच्या चित्रांत आईचे मोकळे काळे केस आणि तिला बिलगलेले मूल यांनीच कागद भरतो, आणि तरीही मांडणी कोंदट वाटत नाही. मेरी कॅसॅट या अमेरिकन चित्रकर्तीने १८९० मध्ये पॅरिसला जपानी ठशांचे प्रदर्शन पाहून दहा रंगीत चित्रांचा जो संच केला, त्यातही मुलाला न्हाऊ घालणारी आई अशीच जवळून दिसते. (तो संच धातूच्या पत्र्यांवरून छापलेला आहे; पुष्कळजण त्याला काष्ठठसे समजतात.)

उत्तर (देवगड): मांडणी ठरली तरी खुणा सांभाळाव्यात. प्रत्येक रंगाच्या फळीवर कोपऱ्यात एक काटकोनी आणि कडेला एक सरळ खाच असते, तिला केंतो म्हणतात, आणि कागद तिथेच टेकवून सगळे रंग एकमेकांवर बसवतात. गेल्या आषाढात माझी फळी दमट हवेने फुगली आणि पोराची लाल चड्डी त्याच्या शेजारी पाण्यात छापली गेली. रंगात तांदळाची पातळ खळ घालावी, म्हणजे तो ठशावर सारखा पसरतो.

प्रश्नकर्ती: सर्वांचे आभार. आज नाळ पुढे आणून पाहिली, तर तिसरा मुलगा कागदाबाहेर गेला आणि त्याने उडवलेले पाणी तेवढे राहिले. ते तसेच ठेवणार आहे. फळ्या मात्र गणपतीनंतरच कोरायला घेईन.