घरच्या जेलीफिन सर्व्हरवर ४के चित्रपट अडखळतात; उपशीर्षके बंद न करता उपाय आहे का?

कोथरूडकर

इंटेल आय-फाइव्ह ६५०० प्रोसेसर असलेल्या एका जुन्या डेस्कटॉपवर मी लिनक्स घालून जेलीफिन (साठवलेले चित्रपट टीव्हीवर पाठवणारा मोफत प्रोग्रॅम) बसवले आहे आणि स्वतः विकत घेतलेल्या यूएचडी (४के ब्लू-रे) डिस्कच्या एमकेव्ही चित्रफीत-फाइली त्यावर ठेवल्या आहेत. १०८०पीचे चित्रपट टीव्हीवर सुरळीत चालतात; पण ४के एचडीआर (जास्त उजेड व रंगछटा असलेली) फाइल उपशीर्षकांसह लावली की चित्र काही सेकंद पुढे सरकते, थांबते, आणि त्या वेळी सर्व्हरचा प्रोसेसर शंभर टक्क्यांवर गेलेला असतो. उपशीर्षके बंद केली की बराच फरक पडतो, तरीही पाऊस किंवा धुरळा असलेल्या दृश्यांत चित्र थांबतेच. माझ्या वडिलांना कमी ऐकू येते, त्यामुळे उपशीर्षके बंद ठेवणे आमच्या घरी शक्य नाही. टीव्ही आणि सर्व्हर दोन्ही कॅट-सिक्स केबलने गिगाबिट राउटरला जोडलेले आहेत. नवा संगणक घेण्याआधी दोष नेमका कोठे आहे, हे समजून घ्यायचे आहे.

रात्रपाळी

तुमच्या वर्णनात मला एक नव्हे, दोन स्वतंत्र दोष दिसतात आणि ते वेगवेगळे तपासायला हवेत. पहिला उपशीर्षकांचा. डिस्कवरून आलेली उपशीर्षके बहुतेक वेळा पीजीएस प्रकारची, म्हणजे मजकूर नसून चित्रे असतात. टीव्हीवरील ॲपला ती दाखवता येत नसतील, तर सर्व्हर ती चित्रे प्रत्येक फ्रेमवर उमटवतो आणि त्यासाठी संपूर्ण चित्रफीत उलगडून पुन्हा एन्कोड करतो. टीव्हीला एचईव्हीसी (४के चित्रफीत लहान करून साठवण्याची पद्धत) फाइल जशीच्या तशी चालवता येत असली, तरी केवळ उपशीर्षकांपायी हे सगळे घडते. तुमचा प्रोसेसर सहाव्या पिढीचा आहे. एचडीआर फाइलींत असणारा एचईव्हीसीचा १०-बिट प्रकार हार्डवेअरवर पूर्णपणे उलगडण्याची सोय इंटेलने सातव्या पिढीपासून दिली. त्यामुळे तो भार प्रोसेसरवर पडतो, आणि ४केसाठी तो पुरा पडणार नाही.

खात्री करायची असेल तर चित्रपट चालू असताना जेलीफिनचा डॅशबोर्ड उघडा. फाइल थेट जात आहे की ट्रान्सकोड, म्हणजे पुन्हा एन्कोड, होत आहे, आणि होत असेल तर कोणत्या कारणाने, हे तेथे लिहिलेले असते. फक्त आवाज बदलला जात असेल तर काळजी नको, त्याचा भार किरकोळ असतो.

मनोरा

इंटेलच्या एन-१०० प्रोसेसरचा लहान संगणक घेतल्यास ४के १०-बिट ट्रान्सकोडिंग आणि एचडीआरचे रंगरूपांतर दोन्ही हार्डवेअरवर होतात आणि विजेचा खर्चही कमी येतो. जुन्या यंत्रावर वेळ घालवण्यापेक्षा मी हाच मार्ग सुचवेन.

सांगलीकर

मनोरा यांचे म्हणणे ट्रान्सकोडिंगपुरते बरोबर आहे, पण पावसाच्या दृश्यांत चित्र थांबते तो दोष नव्या संगणकाने जाणार नाही. राउटर गिगाबिट असला तरी टीव्हीचे लॅन पोर्ट पुष्कळदा १०० मेगाबिटचेच असते, आणि त्यातून प्रत्यक्षात ९४-९५ मेगाबिटच्या आसपास माहिती जाते. ६० जीबीच्या दोन तासांच्या फाइलची सरासरी काढली तर ती प्रतिसेकंद साधारण ६७ मेगाबिट येते, म्हणून सगळे आलबेल वाटते. परंतु यूएचडी डिस्कवर हा वेग कमाल १२८ मेगाबिटपर्यंत जाऊ शकतो आणि पाऊस, धूर, फिल्मचे कण यांसारख्या बारीक हालचालींच्या दृश्यांतच तो चढतो. राउटरच्या सेटिंगमध्ये टीव्हीच्या पोर्टसमोर कोणता वेग दिसतो ते पाहा. तो १०० असेल तर केबल काढून टीव्ही ५ गिगाहर्ट्‌झच्या वाय-फायवर जोडून पाहा. केबलपेक्षा वाय-फाय सरस ठरावे हे विचित्र वाटेल, पण राउटर त्याच खोलीत असेल तर येथे तसेच होते.

कोथरूडकर

सर्वांचे आभार. राउटरमध्ये टीव्हीसमोर १०० हाच आकडा आहे. वाय-फायवर जोडल्यानंतर, उपशीर्षके बंद ठेवून, तीच पावसाची दृश्ये न थांबता चालली. डॅशबोर्डवर ट्रान्सकोडिंगचे कारण उपशीर्षकांचा प्रकार चालत नसल्याचेच आहे. आता एवढाच प्रश्न उरतो की पीजीएस उपशीर्षके मजकुरात बदलता येतात का?

रात्रपाळी

येतात. सबटायटल एडिट या मोफत प्रोग्रॅममध्ये एमकेव्ही फाइल उघडली की तो चित्रांतील अक्षरे ओळखून एसआरटी (मजकुराच्या उपशीर्षकांची) फाइल तयार करतो. इंग्रजीसाठी निकाल चांगला मिळतो, मात्र मोठा आय आणि लहान एल यांची अदलाबदल हमखास होते, म्हणून एकदा नजरेखालून घाला. तयार फाइलला चित्रपटाच्या फाइलचेच नाव द्या, पुढे भाषेचा संक्षेप जोडा, ती त्याच फोल्डरमध्ये ठेवा आणि लायब्ररी पुन्हा स्कॅन करा. त्यानंतर टीव्हीवर पीजीएसऐवजी हीच उपशीर्षके निवडली की चित्रफितीला हात न लावता मजकूर वेगळा पाठवला जातो.

तुमच्या वडिलांच्या दृष्टीने याचा आणखी एक लाभ आहे. पीजीएसमधील अक्षरांचा आकार ठरलेला असतो. मजकुराच्या उपशीर्षकांचा आकार मात्र जेलीफिनच्या उपशीर्षक सेटिंगमधून वाढवता येतो, आणि गडद पार्श्वभूमीही देता येते. एचडीआरच्या लखलखीत दृश्यांवर पांढरी अक्षरे वाचणे वयस्कर डोळ्यांना जड जाते, तेव्हा ती पार्श्वभूमी जरूर लावून पाहा.