शाकीय केंद्रक म्हणावं की नलिका केंद्रक?

कोथरूडकरीण:
प्रात्यक्षिकाचं टिपण मराठीत करतेय. परागकणातल्या लहान केंद्रकाला 'जनन केंद्रक' म्हटलं, ते पटलं. मोठ्याला 'शाकीय केंद्रक' लिहिलं, तर घरातून प्रश्न आला, "पालेभाजीतलं का?" दुसरा शब्द आहे?

निवृत्त मास्तर:
ताई, शाकीय चूक नाही. शाकीय म्हणजे जननाशी संबंध नसलेलं. कानाला मात्र भाजीच ऐकू येते, हे खरं. काही जण 'नलिका केंद्रक' म्हणतात, पण परागकणातून नलिका बाहेर फुटण्याच्या कितीतरी आधी ते तयार असतं, मग हे नाव कसं?
मुळापासून बघा. परागमातृपेशीचं अर्धगुणसूत्री विभाजन होऊन चार लघुबीजाणू, म्हणजे होऊ घातलेले परागकण, होतात, प्रत्येकात एक केंद्रक. पुढे रिक्तिका, म्हणजे पेशीतली द्रवाची पिशवी, फुगते, केंद्रक सरकून भिंतीला टेकतं आणि तिथेच विभागतं. त्यामुळे दोन पेशी होतात, पण वाटणी असमान. कोपऱ्यातल्या धाकटीला, म्हणजे जनन पेशीला, चिमूटभर पेशीद्रव, बाकी सगळं थोरलीला, म्हणजे शाकीय पेशीला. गुणसूत्रं मात्र दोघींत सारखीच! धाकटीची घट्ट बांधून ठेवलेली, म्हणून रंग दिला की गडद दिसतात. थोरलीची सैल पसरलेली, म्हणून फिकट.

ओतूरवाला:
सर, मी कांद्याच्या डेंगळ्यावरच्या फुलांतले पराग पाहिले, दोन केंद्रकं दिसली. ज्वारीत तीन. माझी काचपट्टी बिघडली का?

निवृत्त मास्तर:
नाही रे, बरोबर पाहिलंस. जनन पेशी पुन्हा एकदा विभागते, तिची दोन नर युग्मकं, म्हणजे नर जननपेशी, होतात. कांद्यात हे परागनलिकेत गेल्यावर घडतं, ज्वारी-मक्यात परागकोश फुटायच्या आधीच उरकलेलं असतं. असे तीन पेशींचे पराग सहसा फार टिकत नाहीत.
जाता जाता, विश्वकोशाच्या जुन्या खंडांत पेशीला 'कोशिका' आणि केंद्रकाला 'प्रकल' आहे. प्रकल मला आवडतो, पण आता वर्गात कुणाला कळायचा नाही.

कोथरूडकरीण:
मग मजकुरात 'शाकीय' एकदा समजावून ठेवते. आकृतीत सरळ 'मोठं, फिकट' आणि 'लहान, गडद' लिहिते. सूक्ष्मदर्शकातून मुलांना तेच दिसणार आहे.

निवृत्त मास्तर:
उत्तम. फक्त छापताना शेवटचा 'क' गळू देऊ नका. आमच्या वेळी एका प्रश्नपत्रिकेत सगळीकडे 'जनन केंद्र' छापून आलं. पोरं विचारत होती, "सर, हे कुठल्या पेठेत?"