मदत हवी आहे: मॉल ऑफ अमेरिकातली लाल खुर्ची

मिनेसोटातल्या मंडळींनो, जरा सांगा. आईबाबा पुण्याहून आलेत. बाबा पक्के क्रिकेटवाले, पण हल्ली नातवाबरोबर बेसबॉल बघतात. ब्लूमिंग्टनचा हा मॉल जुन्या मेट्रोपॉलिटन स्टेडियमच्या जागेवर उभा आहे, हे कळल्यापासून त्यांना खरेदीत रस नाही (तसा आधीही नव्हता).

३ जून १९६७ला मिनेसोटा ट्विन्स या बेसबॉल संघाच्या हार्मन किलब्रूने तिथे ५२० फुटांचा होमरन (बेसबॉलमधला सिक्सरच म्हणा) मारला. चेंडू पडला त्या जागेची खूण म्हणून आतल्या थीम पार्कच्या भिंतीवर, पाण्याच्या राइडच्या वर, एक लाल खुर्ची अधांतरी बसवली आहे. होम प्लेटची, म्हणजे बॅटर उभा राहतो त्या जागेची, पाटी मात्र पार दुसऱ्या टोकाला, जमिनीत. मागच्या खेपेला मी त्या पाटीवरूनच स्ट्रोलर ढकलत गेले, पत्ताच नाही!

कुठल्या बाजूच्या दाराने शिरलं तर पाटी जवळ पडेल? बाबांचे गुडघे दुखतात, फार चालवत नाही. दाराशी व्हीलचेअर मिळते का? आणि पाटीपाशी उभं राहून खुर्ची दिसते, की राइड्स आड येतात? त्यांना तिथूनच बघायचंय, "सिक्सर नक्की कुठवर गेली ते."